परतीची वाट जातानाच बांधायची: घराजवळच्या वाळवंटात पायवाटेविना एक सकाळ

रस्त्यावरून येता-जाता रोज दिसणारं एखादं टेकाड असतं. मधे कुंपण नाही, झाडी नाही, पायवाटही नाही. बघितल्यावर वाटतं, हे काय, अर्ध्या तासात वर जाऊन येऊ. वाळवंटाच्या कडेला राहणाऱ्याला असं टेकाड खुणावत राहतंच. तिथपर्यंत जाऊन सुखरूप परत कसं यायचं, तेवढंच या लेखात सांगतो. जाऊन-येऊन चार-पाच किलोमीटर अंतर, तीन तासांचा वेळ आणि सोबत एक-दोन माणसं, असा बेत धरला आहे.

माझी अशी पहिली फेरी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच शिकलो. चढताना काहीच अडलं नाही. कोरड्या ओढ्याच्या वाळूतून वर गेलो, माथ्यावर बसलो, मग धारेवरून, म्हणजे टेकाडाच्या उंच कण्यावरून, उतरायला लागलो. खाली पाहिलं तर गाडी दिसेना. गाडी जागेवरच होती, पण मधल्या छातीएवढ्या उंचवट्याने ती झाकली होती. समोर सगळीकडे एकसारखी झुडपं आणि एकसारखे दगड. धार जिथे दोन सोंडांत, म्हणजे खाली उतरत जाणाऱ्या दोन फाट्यांत, फुटत होती, तिथे मी डावी सोंड धरली. रस्त्याला लागलो खरा, पण गाडी उजवीकडे राहिली की डावीकडे, तेच उमगेना. चुकीच्या बाजूला वीस मिनिटं चाललो, मग तेवढंच परत. पाण्याची बाटली केव्हाच संपली होती आणि ऊन टळटळीत झालं होतं.

पायवाटेवर परतीची काळजी वाटच घेते. पायवाट सोडली की ते काम आपल्याकडे येतं, आणि ते परतताना करून भागत नाही. जातानाच करावं लागतं.

जागा कोणती निवडायची

पहिल्या फेरीसाठी अशी जागा बघा की तिच्या निदान एका बाजूने सलग रस्ता, कालवा, रेल्वेमार्ग किंवा विजेच्या मोठ्या तारांची रांग जाते. वाट चुकली तरी चालत-चालत कुठेतरी आपण तिला आडवे जाऊ, अशी लांबलचक रेषा हवी. चारही बाजूंनी मोकळं मैदान असलेली जागा दिसायला सुंदर असते, पण ती अनुभव गाठीला आल्यावर.

जमीन कोणाची आहे, हे आधी विचारून घ्या. वाळवंटातली बरीच मोकळी दिसणारी जमीन खाजगी असते, सैन्याच्या गोळीबार-सरावाची असते, सीमेलगतची असते किंवा संरक्षित अधिवास असते. काही अभयारण्यांत आखलेली वाट सोडायलाच मनाई आहे, तिथे हा बेत करायचा नाही. जुन्या खाणी असलेल्या भागात उघड्या राहिलेल्या विहिरीसारख्या खड्ड्यांपासून लांब राहा. त्यांच्या कडेची माती आतून पोखरलेली असते आणि वरून ते कळत नाही.

मग नकाशा. उपग्रहाचं चित्र आणि समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा रेषांनी जोडलेला नकाशा, दोन्ही शेजारी ठेवून बघा. उपग्रहाच्या चित्रात झुडपांची दाटी, वाळूचे पट्टे, ढोरवाटा आणि गाडीची चाकोरी दिसते, पण उंची सपाट होऊन जाते. समोच्च नकाशात उंची कळते, पण त्यालाही मर्यादा आहे. लागोपाठच्या दोन रेषांमधे उंचीचा फरक 20 मीटरचा असेल, तर 15 मीटरचा सरळ कडा दोन रेषांच्या मधे सहज लपतो. म्हणून नकाशावर सौम्य दिसणारा उतार प्रत्यक्षात कातळाचा निघाला, तर नकाशा खोटा समजू नका आणि हट्टाने पुढेही जाऊ नका. वळसा घ्या.

धार आणि ओढा यांचं उलटं गणित

वाट नसलेल्या भागात हे एवढं जरी समजलं तरी निम्मं काम झालं.

ओढे वरून खाली येताना एकमेकांना मिळत जातात. म्हणजे खालून वर जाताना ते फुटत जातात, आणि प्रत्येक फाट्यावर डावीकडे की उजवीकडे हे ठरवावं लागतं. धारेचं नेमकं उलटं. खालून निघालेल्या सोंडा वर चढत एकाच माथ्याला मिळतात, त्यामुळे कुठलीही सोंड धरून चढलात तरी माथा चुकत नाही. उतरताना मात्र तीच धार जागोजागी फुटते, आणि एका फाट्यावर चुकलं की दर पावलाला आपण योग्य जागेपासून लांब जात राहतो. मी चुकलो तो असाच. ओढ्याने चढलो तेव्हा फाटे मोजले नाहीत, धारेने उतरलो तेव्हा सोंड निवडायची असते हेच ठाऊक नव्हतं.

यावरून नवख्याने करायचं ते असं. सोंडेवरून चढा आणि त्याच सोंडेवरून उतरा. चढताना दुसरी सोंड जिथे येऊन मिळते, तिथे थांबा, मागे वळा आणि ती जागा उतरणाऱ्याच्या नजरेने बघा. तिथे दगडाचा आकार, वाकलेलं झाड, मातीचा रंग बदललेली जागा, अशी एक तरी खूण मनाशी धरा. फोनमध्ये फोटो काढा, पण तो मागे वळून काढा. पुढच्या दिशेचा फोटो परतताना कामाला येत नाही.

ओढ्यातून उतरताना फाट्यांचा गोंधळ नसतो, म्हणून तो मोह होतो. पण अनोळखी ओढा वरून खाली उतरू नये. मधेच कोरडा धबधबा लागतो, चार-पाच मीटरचा गुळगुळीत कातळ, आणि वरून तो अगदी काठावर येईपर्यंत दिसत नाही. जो ओढा खालून वर चढून पाहिला आहे, तोच उतरायला वापरायचा.

कागदावरचा बेत

निघण्याच्या आदल्या दिवशी अर्धा तास काढून बेत लिहून काढा. त्यात चार गोष्टी हव्यात: कुठून निघणार, कुठल्या धारेच्या किंवा ओढ्याच्या कडेने जाणार, कुठली रेषा ओलांडली तर फार पुढे आलो असं समजायचं, आणि किती वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं.

वेळेचा अंदाज बांधायला जुना नियम आहे. विल्यम नायस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो 1892 साली मांडला. सपाटीवर तासाला साधारण पाच किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढाईला एक तास जास्तीचा. हा हिशेब बऱ्या वाटेवरून चालणाऱ्या दमदार माणसाचा आहे. वाट नसताना मी तासाला अडीच किलोमीटरच धरतो, आणि भुसभुशीत वाळू असेल तर दोन. वाळूत तेवढ्याच वेगाने चालायला टणक जमिनीपेक्षा दुपटीहून जास्त ऊर्जा लागते, म्हणून नकाशावरचा एक किलोमीटर तिथे एका किलोमीटरसारखा वाटत नाही.

मागे फिरण्याची वेळ घड्याळावर ठरवा, जागेवर नको. माथा गाठून परत फिरू असं ठरवलं की माथा लांबत जातो आणि आपण त्याच्या मागे ओढले जातो. साडेआठ वाजता फिरायचं ठरलं असेल, तर माथा शंभर पावलांवर असला तरी साडेआठला फिरायचं. टेकाड घराजवळचं आहे, पुढच्या आठवड्यातही ते तिथेच असणार आहे.

हवा आणि वेळ

हवामानखात्याचा तापमानाचा आकडा सावलीतला असतो, जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवरच्या हवेचा. उन्हातली वाळू त्याहून कितीतरी जास्त तापते, 60 अंश सेल्सिअसच्या वर सहज जाते. बूट त्याच वाळूवर असतात आणि दमून बसतो तेही तिच्यावरच. दिवसातलं सर्वांत जास्त तापमान ऐन माध्यान्हीला नसतं, दुपारी तीन-चारच्या सुमारास असतं. त्यामुळे दुपारी जेवून निघू, ऊन कलत जाईल, हा हिशेब उलटा पडतो.

झुंजुमुंजु झालं की निघा, म्हणजे उजाडता-उजाडता पहिलं पाऊल पडेल आणि ऊन चढायच्या आत परत. परतायच्या वेळेला सावलीतलं तापमान 35 अंशांच्या वर जाणार असेल, तर मी त्या दिवशी बेत रद्द करतो. हिवाळ्यात उलटी काळजी. दिवस लहान असतो, आणि कोरड्या हवेत सूर्य मावळताच गारठा पडतो. दिवस-रात्रीच्या तापमानात 20 अंशांचा फरक पडणं वाळवंटाला नवीन नाही.

पावसाचा अंदाज फक्त आपल्या टेकाडाचा बघून भागत नाही. ओढा जिथून येतो, त्या वरच्या भागाचा बघा. अमेरिकेतल्या अॅरिझोनामध्ये अँटिलोप कॅनियन नावाची अरुंद घळ आहे. तिथे 12 ऑगस्ट 1997 रोजी अचानक लोंढा आला आणि 11 पर्यटक बुडाले. पाऊस पडला होता कित्येक किलोमीटर वर, घळीत जवळजवळ काहीच पडला नव्हता. वाळवंटातली जमीन पाणी पटकन पीत नाही, कातळ तर अजिबातच नाही, त्यामुळे पडलेलं सगळं एकदम ओढ्यात येतं. वेगाने वाहणारं 15 सेंटिमीटर पाणीसुद्धा मोठ्या माणसाचे पाय उचलतं. वरच्या बाजूला काळं दाटून आलं असेल, पात्रात गढूळ पाण्याची धार दिसली किंवा लांबून घरघर ऐकू आली, तर सामान उचलत बसू नका. आहात तिथून काठावर चढा. गाडी कोरड्या पात्रात उभी करू नका, रात्रीसाठी तंबू तर मुळीच नाही.

पाणी

उन्हात चालताना तासाला अर्धा ते एक लिटर पाणी लागतं. तीन तासांच्या फेरीला माणशी तीन लिटर पाठीवर, आणि गाडीत आणखी दोन लिटर, असा माझा ठोक हिशेब. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे सॅक जड होईल. होऊ द्या.

सगळं पाणी एकाच पिशवीत भरू नका. नळीची पिशवी सोयीची असते, पण काटा लागला किंवा तोंड सुटलं तर सगळं पाणी वाळूत, आणि सॅकच्या आत किती उरलंय तेही दिसत नाही. मी दोन बाटल्या आणि एक पिशवी नेतो. पहिला एक तृतीयांश हिस्सा संपेपर्यंत पुढे जायचं, दुसऱ्या हिश्शात परतायचं, आणि तिसरा हिस्सा अडचणीसाठी. तो गाडीजवळ पोचल्यावर पिऊन टाका.

कोरड्या हवेत घाम अंगावर दिसत नाही, आल्या-आल्या सुकतो. म्हणून घाम आला नाही, तहान लागली नाही, असं वाटत राहतं. शर्टावर मिठाचे पांढरे डाग दिसले की समजा, बरंच पाणी गेलं. दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट घेत राहा. नुसतंच पाणी ढोसणंही धोक्याचं आहे. घामातून मीठ जातं, आणि वरून फक्त पाणी भरत गेलो तर रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं ही त्याचीही लक्षणं. तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नका आणि सोबत काहीतरी खारट खात राहा.

पाणी वाचवण्यासाठी न पिता बाटली जपणं, हा गैरसमज मनातून काढून टाका. बाटलीत उरलेलं पाणी शरीराच्या कामाला येत नाही. वाचवायचा तो घाम. त्यासाठी सावलीत थांबा, हळू चाला, अंग झाका.

सॅकमध्ये काय

अंगात सैल, पूर्ण बाह्यांचा, फिकट रंगाचा शर्ट आणि लांब पँट. मानेवर सावली पडेल अशी रुंद कडेची टोपी. उघडं अंग वाऱ्याला गार वाटतं, पण उन्हाने रापतं आणि काट्यांनी ओरबाडतं. घोट्यापर्यंतचे जाड तळव्याचे बूट, आणि वाळू आत जाऊ नये म्हणून बुटांवर गेटर्स, म्हणजे घोट्याभोवती चढवायची कापडी आवरणं. चपला, सँडल नकोत.

सॅकेत हे असू द्या: कागदी नकाशा, होकायंत्र, ऑफलाइन नकाशे उतरवलेला पूर्ण चार्ज फोन, पॉवर बँक, हेडटॉर्च, शिट्टी, छोटा आरसा, चकचकीत आपत्कालीन चादर, पट्ट्या आणि जंतुनाशक, चिमटा, आणि केस विंचरायचा साधा कंगवा. हेडटॉर्च सकाळच्या फेरीलाही हवाच. कोणाचा पाय मुरगळला तर सकाळची संध्याकाळ व्हायला वेळ लागत नाही.

कंगव्याचं कारण सांगतो. काही निवडुंगांची कांडी नुसता धक्का लागला तरी तुटून अंगाला चिकटते. अमेरिकी वाळवंटांतला चोया यासाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या काट्यांच्या टोकांना बारीक उलटे दात असतात, हाताने उपटायला गेलात की ती कांडी बोटांना चिकटते. कांडी आणि कातडी यांच्यामधे कंगवा घालून एका झटक्यात उडवायची, मग उरलेले काटे चिमट्याने एकेक करून. ती कुठे उडेल ते आधी बघा आणि सोबत्याला बाजूला उभं करा.

उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी यंत्रं रेंज नसलेल्या भागात फार उपयोगी पडतात, पण भारतासह काही देशांत उपग्रह-संपर्क साधनं परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. नियम बघूनच घ्या.

घरी काय सांगून जायचं

एका कागदावर लिहून द्या, बोलून सांगितलेलं विसरायला होतं. त्यात गाडी कुठे उभी असेल, तिचा क्रमांक, कोणत्या धारेने जाणार, सोबत कोण, आणि किती वाजेपर्यंत फोन येईल, एवढं हवं. शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची: अकरापर्यंत फोन आला नाही तर बारा वाजता कुठल्या क्रमांकावर कळवायचं. ही ओळ नसली की घरचा माणूस आता येतील, मग येतील, म्हणत चार वाजवतो. आणि बेत लिहिला की ऐनवेळी दुसऱ्या टेकाडाकडे वळायचं नाही. शोधायला येणारे कागदावरच्या जागी शोधतात.

गाडीपाशीची पहिली दहा मिनिटं

उतरल्या-उतरल्या चालू लागू नका. फोनवर गाडीची जागा नोंदवा. जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही, त्यामुळे विमान मोडवर टाकून बॅटरी वाचवता येते. नुसता फोनवर भरवसा नको, कारण उन्हात तापलेला फोन स्वतःहून बंद होतो. तो खिशात, कपड्याच्या सावलीत ठेवा.

मग गाडीपासून पंधरा-वीस पावलं लांब जा, कारण गाडीच्या लोखंडाने होकायंत्राची सुई वळते. टेकाडाची दिशा घ्या. समजा ती 60 अंश आली, तर परतीची दिशा त्यात 180 मिळवून 240 अंश. नकाशावरून दिशा काढत असाल तर चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यातला त्या भागातला फरक धरा. नकाशाच्या कडेला तो छापलेला असतो.

आता गाडीच्या मागे काय आहे ते बघा. परतताना तुम्हाला गाडी दिसणार नाही, तिच्या मागचं क्षितिज दिसेल. एखादा दातरी सुळका, दोन डोंगरांमधलं बेचकं, पाण्याची टाकी, असं काहीतरी गाडीच्या नेमकं वर येत असेल. ते वहीत काढा. चित्रकला यायची गरज नाही, चार वेड्यावाकड्या रेषा पुरतात. माझ्या वहीत एका फेरीचं असं रेखाटन आहे: डावीकडे बुटका सपाट माथा, मधे खाच, खाचेच्या उजव्या कडेला दोन विजेचे खांब, आणि खांबांच्या खाली फुली. ती फुली म्हणजे गाडी.

परतीसाठी आणखी एक युक्ती. पहिल्या फेरीत ती माहीत असती तर माझी ती चाळीस मिनिटं वाचली असती. परतताना नेमकं गाडीवर नेम धरून चालू नका. होकायंत्र कितीही जपून धरलं तरी पाच अंशांची चूक होते, आणि पाच अंशांची चूक एका किलोमीटरवर जवळजवळ 90 मीटर पडते. मधे उंचवटा असेल तर 90 मीटरवरची गाडीही दिसत नाही. त्याऐवजी मुद्दाम दहा अंश डावीकडे चाला. मग किलोमीटरभराने रस्त्याला लागाल तेव्हा गाडी उजवीकडेच, पावणेदोनशे मीटरच्या आसपास, हे पक्कं असतं. वळायचं कुठे, हा प्रश्नच उरत नाही.

चालताना पायाखाली

टणक, बारीक खडीचा पट्टा मिळाला तर उत्तम. कोरड्या ओढ्यात मधोमध मऊ वाळू असते, पण वळणाच्या आतल्या कडेला बहुधा दाबून बसलेली खडी मिळते. अशा कडा शोधत चालायचं.

वाळूच्या टेकडीवर वारा ज्या बाजूने येतो ती बाजू 10 ते 15 अंशांच्या उताराची आणि दाबलेली असते. पलीकडची बाजू 30 ते 34 अंशांची, सैल. तिच्यावरून चढायला गेलात तर दोन पावलं वर, एक खाली. म्हणून वाऱ्याच्या बाजूने चढा आणि शक्यतो माथ्याची धार धरून चाला.

घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडांच्या उतारावर, एकाच्या डोक्यावर दुसरा येईल असं चालू नका. तिरके चाला किंवा एकेक करून जा. दगड सुटला तर मोठ्याने ओरडून सांगा. कातळ चढताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: चढताना हात आणि पकड डोळ्यांसमोर असते, उतरताना पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही. जे उतरता येईल याची खात्री नाही, ते चढायचंच नाही.

आणि मातीकडे बघा. झुडपांच्या मधे काळपट, खडबडीत, उंचसखल पापुद्रा दिसला तर ती नुसती माती नाही. सायनोबॅक्टेरिया नावाचे सूक्ष्मजीव, दगडफूल आणि शेवाळ यांनी वाळूचे कण धाग्यांनी बांधून ती जिवंत साल तयार केलेली असते. तिच्यामुळे माती वाऱ्याने उडत नाही, पाणी धरते आणि तिला नत्र मिळतं. एकदा गुडघे टेकून चिमटीएवढी मोडलेली कड जवळून बघा. वाळूचे कण बारीक दोऱ्यांना ओवल्यासारखे खाली लोंबतात. बुटाचा एक ठसा भरून यायला वर्षं, कधी कित्येक दशकं लागतात. अशी जमीन आली की दगडावरून, ओढ्याच्या पात्रातून किंवा ढोरवाटेवरून जा. अगदीच इलाज नसेल तर एकामागे एक, पुढच्याच्या ठशात पाऊल टाकून. वाट सोडून चालायची मुभा आपण घेतली आहे, तेव्हा जमिनीला वाट पडणार नाही एवढं बघणं आपल्याकडेच येतं. म्हणूनच खुणेसाठी दगडांचे मनोरे रचू नका, झाडांना फिती बांधून सोडू नका. मागून येणाऱ्याची त्यांनी दिशाभूलही होते.

दर दहा मिनिटांनी थांबा आणि पूर्ण मागे वळून पाहा. तेच टेकाड, तोच ओढा उलट बाजूने वेगळा दिसतो. सकाळी लांब सावल्यांमुळे घळी ठळक दिसतात, ऊन वर आलं की त्याच घळी सपाट होऊन जातात. थांबलेल्या वेळी वहीत नुसती वेळ आणि खूण लिहा.

साप-विंचवांबद्दल थोडक्यात. नजरेआड जागेत हात किंवा पाय घालू नका, हा एकच नियम बहुतेक अपघात टाळतो. मोठा दगड किंवा ओंडका ओलांडताना त्याच्यावर चढून पलीकडे बघा, मग उतरा. बसण्याआधी काठीने जागा चाचपा, काढून ठेवलेले बूट झटकून घाला. फुरसं करवतीसारखा खर्रखर्र आवाज करून इशारा देतं. तो ऐकला की जागच्या जागी थांबा, कुठून येतोय ते बघा आणि हळूच मागे सरका. साप चावलाच तर जखम कापणं, चोखणं, करकचून दोरी बांधणं यातलं काही करू नका. अंगठ्या-घड्याळ काढा, चावलेला अवयव हलू देऊ नका, माणसाला शांत ठेवा आणि लवकरात लवकर इस्पितळ गाठा.

ऊन लागलं तर

दमल्यासारखं होणं, घेरी, मळमळ, पायात गोळे, भरपूर घाम: ही उन्हाने थकल्याची लक्षणं. सावलीत बसवा, पाणी आणि खारट काहीतरी द्या, कपडे सैल करा, अर्ध्या तासाने बरं वाटलं तरी पुढे नाही, मागे फिरा. सोबती असंबद्ध बोलायला लागला, तोल जाऊ लागला, शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात. शरीराचं तापमान 40 अंशांच्या वर गेलेलं असतं आणि त्यात जीव जातो. घाम येत असला तरीही उष्माघात असू शकतो. तिथल्या तिथे आधी अंग थंड करा: सावली, कपडे काढा, असेल ते पाणी अंगावर ओतून टोपीने वारा घाला. मदतीला फोन लगेच, पण थंड करणं थांबवून नाही. शुद्धीवर नसेल त्याच्या तोंडात पाणी घालू नका.

सोबत्याशी अधूनमधून बोलत राहा. गप्पा मारणारा माणूस एकाएकी गप्प झाला, तर थांबून त्याच्याकडे नीट बघा.

वाट चुकली असं वाटलं तर

पहिल्या शंकेलाच थांबा. अजून थोडं पुढे जाऊन बघू, यातच माणूस चुकतो. सावलीत बसा, दोन घोट प्या, वही उघडा. शेवटची ओळखीची खूण किती वाजता दिसली ते बघा. दहा मिनिटांपूर्वीची असेल तर आपल्याच पाऊलखुणांवरून तिथपर्यंत मागे जा. वाळूत ठसे स्पष्ट असतात, कातळावर हरवतात, म्हणून कातळाच्या कडेकडेने फिरून पुढचा ठसा शोधा.

दिवस किती उरला ते हातानेही मोजता येतं. हात लांब करून तळवा आडवा धरा. सूर्य आणि क्षितिज यांच्यामधे चार बोटं मावली तर साधारण तासभर उरला.

खूण सापडत नसेल, पाणी तिसऱ्या हिश्शात आलं असेल, तर तिथेच राहा. घरी कागद ठेवला आहे, लोक येतील. शिट्टीचा आंतरराष्ट्रीय संकेत मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट शांतता, मग पुन्हा सहा. समोरून मिनिटाला तीन शिट्ट्या आल्या तर ते उत्तर आहे. आरशाची तिरीप कित्येक किलोमीटरवर दिसते. दोन बोटं पुढे धरून त्यांच्या फटीतून नेम धरा, तिरीप बोटांवर पडली की ती समोरच्यावरही पडते. चकचकीत चादर सावलीसाठी ताणा, पण अंगापासून थोडी वर, मधे हवा खेळू द्या.

परत आल्यावर

गाडीपाशी पोचल्यावर पहिला फोन घरी. मग उरलेलं पाणी प्या, बूट आणि मोजे झटका, त्यांत अडकलेली कुसळं आणि गोखरू तिथेच टाका, म्हणजे दुसऱ्या भागात तणाचं बी जाणार नाही.

वहीत ताज्या-ताज्या नोंदी करा: अंदाज काय होता, प्रत्यक्ष वेळ किती लागला, पाणी किती उरलं, कुठे थबकलो. दोन-चार फेऱ्यांनी तुमचा स्वतःचा वेग तुम्हाला कळतो आणि नायस्मिथचा नियम मागे पडतो. माझ्या त्या टेकाडाच्या पानावर आता सात तारखा आहेत. पहिल्या तारखेपुढे उतरायला एक तास पन्नास मिनिटं, सातव्या तारखेपुढे अडतीस. शेवटच्या ओळीत एवढंच लिहिलंय की उजव्या सोंडेच्या फाट्यावरचा तो पांढरा गारगोटीचा दगड पावसानंतर हलला आहे, पुढच्या वेळी दुसरी खूण धरायची.